पलटणीच्या पत्त्यावर

परदेशात शांतिसेनेत गेलेल्या भारतीय जवानाला गावाहून पत्र धाडायचे, तर पाकिटावर शहराचे नाव लागत नाही. जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण, ९ने सुरू होणारा सहा आकडी पिनकोड आणि शेवटी ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’, एवढ्यावर पत्र पोचते. तिकीटही देशातल्या देशात लागते तेवढेच. गावातल्या पोस्टमास्तरला ते पाकीट लेबनॉनला जाणार की लडाखला, हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते.

बाहेरून साधी दिसणारी ही व्यवस्था एकाच वेळी पाच अडचणींशी झगडत असते. माणूस एका जागी राहत नाही. त्याची जागा कुणाला कळू द्यायची नसते. वाट दुसऱ्याच्या मुलुखातून जाते. जहाजात आणि विमानात जागा आधी दारूगोळ्याला, मग पत्रांना. आणि पत्रातून शत्रूच्या उपयोगाचे काही बाहेर गेले तर, ही धास्ती कायम असते. प्रत्येक युद्धाने यातल्या एखाद्या अडचणीवर नवा तोडगा काढला. हे तोडगे निघत असताना एक तत्त्व हळूहळू पक्के होत गेले: ज्याला सरकारने घरापासून लांब धाडले, त्याचा घराशी पत्रव्यवहार घरच्या दराने आणि घरच्या भरवशाने चालू ठेवणे ही सरकारचीच जबाबदारी आहे. मोबाइल आल्यावर ही जबाबदारी आपोआप संपली असे मानण्याकडे आता कल दिसतो. तो कल कितपत बरोबर आहे हे पाहायचे, तर ही व्यवस्था कशी उभी राहिली तिथपासून सुरुवात करावी लागते.

बुशहरची स्वारी

भारतात अखिल भारतीय टपाल खाते १ ऑक्टोबर १८५४ला सुरू झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ साली, इराणच्या आखातातल्या बुशहर बंदरावर इंग्रजांनी मोहीम काढली. फौज मुख्यतः मुंबई इलाख्याची. या फौजेबरोबर टपाल खात्याची माणसे गेली आणि त्यांनी तिथे फिल्ड पोस्ट ऑफिस मांडले. भारतीय लष्करी टपालसेवेचा इतिहास इथून मोजला जातो. पुढे १८६७-६८ची ॲबिसिनियाची मोहीम, १८८२ची इजिप्तची लढाई, १९००ची चीनमधली बॉक्सर बंडाच्या वेळची मोहीम, अशा प्रत्येक ठिकाणी भारतातून निघालेल्या फौजेच्या पाठोपाठ तिचे टपालघरही निघू लागले. ब्रिटनने आपले स्वतंत्र आर्मी पोस्ट ऑफिस कोअर १८८२ साली इजिप्तच्याच लढाईत उतरवले. म्हणजे पलटणीबरोबर टपालघर नेण्याचा अनुभव भारतीय टपाल खात्याच्या गाठी त्याआधीच पाव शतकाचा जमा होता.

या टपालघराचे वैशिष्ट्य असे, की ते जमिनीशी बांधलेले नसते. एक तंबू, एक टेबल, वजनकाटा, शिक्का, तिकिटांची पेटी, हिशेबाच्या वह्या आणि थैल्या. पलटण हलली की टपालघर हलते. त्याच्या शिक्क्यावर गावाचे नाव नसते, फक्त आकडा असतो. हा आकडा कुठल्या ठिकाणचा, हे ठरावीक कचेऱ्यांनाच माहीत. पलटण एका रात्रीत शंभर मैल पुढे गेली, तरी घरच्यांनी लिहायचा पत्ता तोच राहतो. बदलतो तो मधल्या सॉर्टिंग कचेरीतला तक्ता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन फेल्डपोस्टचे पाच आकडी नंबर, अमेरिकेचे एपीओ, ब्रिटनचे बीएफपीओ, सोव्हिएत फौजांचे ‘पोलेवाया पोच्ता’ क्रमांक, हे सगळे याच कल्पनेवर चालले. एकमेकांशी जिवावर उदार होऊन लढणाऱ्या फौजांनी पत्त्याचा प्रश्न मात्र एकाच पद्धतीने सोडवला होता.

भारताचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, तोही ही परंपरा सांभाळून. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान कवी. त्यांनी पहिल्या आकड्यात १ ते ८ हे आकडे देशाच्या भौगोलिक विभागांना दिले आणि ९ हा आकडा सेनेसाठी राखून ठेवला. बाकी सगळे पिनकोड नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. ९चा पिनकोड दाखवता येत नाही, आणि तो तसाच असावा म्हणून तो वेगळा काढला आहे.

दुसऱ्याच्या देशात आपले टपालघर

एका देशाने दुसऱ्या देशाच्या भूमीवर आपले टपालघर चालवावे, आपली तिकिटे विकावीत, आपला शिक्का मारावा, ही एरवी सार्वभौमत्वाला धक्का लावणारी गोष्ट. ती चालते आंतरराष्ट्रीय करारांच्या आधारावर. जागतिक टपाल संघटना १८७४ला बर्न येथे स्थापन झाली आणि भारत १८७६पासून तिचा सदस्य आहे. तिच्या करारात लष्करी तुकड्यांसाठी ‘बंद थैली’ची तरतूद आहे. मायदेशात मोहोरबंद केलेली थैली मधल्या देशांच्या जहाजांतून, विमानांतून, रेल्वेतून जाऊ शकते. मधला देश वाहतुकीचे पैसे घेतो, पण थैली उघडत नाही. ती उघडली जाते थेट पलटणीच्या टपालघरात. संयुक्त राष्ट्रांच्या तुकड्या आणि परदेशी बंदरात असलेल्या युद्धनौका यांनाही ही सोय आहे.

संयुक्त राष्ट्रांनी १९९०मध्ये यजमान देशांशी करायच्या कराराचा नमुना तयार केला. शांतिसेनेतल्या माणसांचे खासगी टपाल मिशन स्वतःच्या व्यवस्थेने नेऊ शकते, आणि यजमान सरकारने त्यात ढवळाढवळ करायची नाही किंवा ते सेन्सॉर करायचे नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. जवानाच्या पत्राला मिळालेले हे कायद्याचे कवच फारसे कुणाला माहीत नसते, पण सगळी व्यवस्था त्याच्यावर उभी आहे.

युद्धकैद्यांचा हक्क याहून ठळक शब्दांत लिहिला गेला. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैद्याला महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे पाठवता आली पाहिजेत, आणि त्यांना टपालखर्च पडता कामा नये. त्याआधीच्या पिढ्यांना किमान पत्रांची अशी हमी नव्हती. १९१६च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियातल्या कूत गावी सहाव्या पूना डिव्हिजनने १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर शस्त्रे खाली ठेवली. त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. तिथून कैदेत गेलेल्यांची बातमी महाराष्ट्रातल्या घरांना कळणे ही तेव्हा नशिबाची गोष्ट होती.

बूलोनची कचेरी

पहिल्या महायुद्धाने लष्करी टपालाला कारखान्याचे रूप दिले. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये ब्रिटिश टपाल खात्याने ‘होम डेपो’ उभा केला. पाच एकरांवर पसरलेली ही लाकडी इमारत त्या काळी जगातली सर्वांत मोठी लाकडी इमारत मानली जाई. तिथे काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका होत्या. युद्धाच्या चार वर्षांत या डेपोतून दोन अब्ज पत्रे आणि ११ कोटी ४० लाख पार्सले गेली. लंडनहून निघालेले पत्र दोन-तीन दिवसांत फ्रान्समधल्या खंदकात पोचत असे.

भारतीय शिपायांसाठी हे अंतर दिवसांचे नव्हते, आठवड्यांचे होते. १९१४च्या सप्टेंबरअखेर भारतीय फौज मार्सेय बंदरात उतरली. तिच्याबरोबर भारतीय टपाल खात्याची फिल्ड पोस्ट ऑफिसेही होती, आणि तिथे वापरायला भारताच्या तिकिटांवर इंडियन एक्स्पेडिशनरी फोर्ससाठी ‘आय. ई. एफ.’ ही अक्षरे छापलेली होती. खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ला नव्ह शापेलच्या लढाईत उतरल्या आणि त्यांची जबर हानी झाली. या तुकड्यांतून, पायोनियर पलटणींतून, इस्पितळांतून पत्रे निघू लागली: उर्दूत, गुरुमुखीत, हिंदीत, मराठीत, पश्तूत. पुष्कळ शिपायांना लिहिता येत नसे. लिहिता येणारा सोबती चारचौघांत बसून त्यांचे सांगणे कागदावर उतरवी, आणि गावी ते पत्र पुन्हा चारचौघांत कुणीतरी वाचून दाखवी. त्यामुळे या पत्रांत नवरा-बायकोचे खासगी बोलणे कमी, आणि जमीन, कर्ज, बैल, मुलांची शाळा, सोयरिक यांचे विषय जास्त.

ही पत्रे वाचणारा तिसराही एक होता. बूलोन शहरात भारतीय टपालाची सेन्सॉर कचेरी उघडली गेली. तिचे प्रमुख होते कॅप्टन एव्हलिन हॉवेल. १९१५च्या मार्चपर्यंत फ्रान्समधले भारतीय शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत होते. मूठभर माणसांना ती सगळी वाचणे शक्यच नव्हते. म्हणून निवडक पत्रांचे इंग्रजी भाषांतर करून त्यांचे उतारे टाइप केले जात आणि दर आठवड्याच्या अहवालाला जोडून वरिष्ठांकडे जात. बंडखोरीचा प्रचार पलटणींत शिरतो आहे का, मनोबल कसे आहे, जखमी झालेले शिपाई काय लिहितात, हे सरकारला जाणून घ्यायचे होते.

आपले पत्र वाचले जाते हे शिपायांना लवकरच कळले, आणि त्यांनी आपली वाट काढली. त्यातली सर्वांत गाजलेली खूण मिरपुडीची. काळी मिरी म्हणजे भारतीय शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली आहे, आता लाल मिरची वापरतात, असे लिहिले की गावाकडे अर्थ लागायचा: आपली माणसे फार मेली आहेत, आता भरतीला येऊ नका. हॉवेलच्या कचेरीलाही तो अर्थ लागला होता, म्हणूनच तो आज आपल्याला कळतो. मूळ पत्रे बहुतेक काळाच्या ओघात गेली. टाइप केलेले उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत राहिले, आणि डेव्हिड ओमिसी यांनी त्यातले निवडक उतारे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ज्या माणसांनी आयुष्यात दुसरे काही लिहून ठेवले नाही, त्यांचे बोलणे सरकारी संशयामुळे टिकले.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे उदाहरण इथे घ्यावे. गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. अशा गावात सरकारी तार येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. टपालव्यवस्थेपुढे इथे एक अवघड काम असे. घरून निघालेले पत्र पलटणीत पोचेपर्यंत माणूस गेलेला असला, तर ते परत धाडायचे. पण मृत्यूची अधिकृत खबर घरी पोचण्याआधी परत आलेले पत्र दारात पडले, तर आईबापांना मुलगा गेल्याचे कळे ते स्वतःच लिहिलेल्या पाकिटावरच्या शेऱ्यावरून. म्हणून खबर पोचल्याची खात्री होईपर्यंत अशी पत्रे अडकवून ठेवण्याचा नियम झाला. लष्करी टपालातले सर्वांत हळुवार काम हेच आहे, आणि तेही एका रजिस्टरच्या आधाराने करावे लागते.

सदतीस थैल्यांची एक थैली

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न वजनाचा झाला. फौजा वाळवंटात, बेटांवर, ब्रह्मदेशाच्या जंगलात. जहाजाने पत्र जायला महिने लागत, आणि विमानात जागा नसे. १९४१मध्ये ब्रिटनने कोडॅक कंपनीच्या मदतीने ‘एअरग्राफ’ सुरू केले. ठरावीक फॉर्मवर पत्र लिहायचे, त्याचा फिल्मवर बारीक फोटो घ्यायचा, फिल्म विमानाने पाठवायची आणि पलीकडे फोटो मोठा करून कागदावर छापून वाटायचा. अमेरिकेने हीच पद्धत जून १९४२पासून ‘व्ही-मेल’ या नावाने चालवली. दीड लाख एकपानी पत्रांना एरवी ३७ थैल्या लागत आणि त्यांचे वजन २,५७५ पौंड भरे. फिल्मवर तीच पत्रे एका थैलीत, ४५ पौंडांत मावत. नोव्हेंबर १९४५पर्यंत एक अब्जाहून जास्त पत्रे या मार्गाने गेली. फॉर्म लहान, मजकूर मोजका, आणि प्रत्येक पान कुणाच्या तरी डोळ्यांखालून जाणार हे माहीत. तरीही लोक लिहीत राहिले, कारण ते लवकर पोचत होते.

पत्रे पोचवण्यापेक्षा माणूस शोधणे कधीकधी कठीण होई. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे. युरोपातल्या अमेरिकन फौजांची सुमारे १ कोटी ७० लाख पत्रे आणि पार्सले १९४५च्या आरंभी तिथल्या गोदामांत साचली होती. नॉर्मंडीच्या चढाईनंतर पलटणी इतक्या वेगाने हलल्या होत्या, की तक्ते मागे पडले. फेब्रुवारी १९४५मध्ये मेजर चॅरिटी ॲडम्स यांच्या हाताखाली ६८८८वी सेंट्रल पोस्टल डिरेक्टरी बटालियन तिथे आली. या तुकडीतल्या ८५५ बायका बहुतेक कृष्णवर्णीय होत्या, आणि त्यांच्याच देशाची फौज त्यांना गोऱ्यांपासून वेगळे ठेवत होती.

गोदामांच्या खिडक्या हवाई हल्ल्याच्या भीतीने काळ्या केलेल्या. आत उजेड कमी, गारठा भरपूर. घरून आलेल्या केक आणि बिस्किटांच्या पार्सलांवर उंदीर तुटून पडलेले. बायकांनी सुमारे ७० लाख कार्डांची यादी केली, प्रत्येक कार्डावर एका माणसाची पलटण आणि ताजा ठावठिकाणा. नुसत्या ‘रॉबर्ट स्मिथ’ नावाचेच ७,५०० जण निघाले. ते एकमेकांपासून ओळखायचे लष्करी नंबरावरून. काही पाकिटांवर तर फक्त ‘ज्युनिअर, अमेरिकन आर्मी’ एवढेच लिहिलेले. तेव्हा पाठवणाऱ्याचा पत्ता, पोस्टाचा शिक्का, आतला मजकूर, जे हाताला लागेल त्यावरून माग काढायचा. तीन पाळ्यांत चोवीस तास काम चाले, आणि एका पाळीत सुमारे ६५ हजार नग मार्गी लागत. सहा महिन्यांचे ठरवून दिलेले काम त्यांनी तीन महिन्यांत संपवले, आणि मग फ्रान्समध्ये रुआँला जाऊन दुसरा ढीग उपसायला घेतला. अमेरिकी काँग्रेसने त्यांना सुवर्णपदक द्यायचा कायदा केला तो २०२२ साली. तोवर त्यांतल्या फारच थोड्या हयात होत्या.

भारतीय शिपाई याच युद्धात इटलीत, उत्तर आफ्रिकेत, मलायात, ब्रह्मदेशात होते. मराठा पलटणींचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले; घाडगे १० जुलै १९४४ला तिथेच पडले. या फौजांच्या मागे भारतीय फिल्ड पोस्ट ऑफिसे इटलीच्या डोंगरांपर्यंत गेली होती.

कोरिया, गाझा, काँगो

स्वातंत्र्यानंतर भारतीय जवान परदेशी गेला तो बहुतांशी शांतिसेनेत, आणि त्याच्याबरोबर स्वतंत्र भारताचे टपालघर गेले. १९५३मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय फौजेचे नेतृत्व कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होते. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला. म्हणून अमेरिकन हेलिकॉप्टरांनी त्यांना जहाजांवरून उचलून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन ठेवले. जिथे माणसालाच अशी आडवाट, तिथे टपालाची थैलीही आडवाटेनेच जाणार. या फौजेसाठी भारतीय तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असा मजकूर छापून ती वापरात आणली गेली. टपालघर परक्या भूमीवर, तिकीट मायदेशाचे आणि दर देशांतर्गत; ही तिकिटे त्या मोहिमेपुरती आहेत, हे छापलेल्या अक्षरांवरून कळे.

त्यानंतर १९५४मध्ये हिंदी-चीनमधल्या आंतरराष्ट्रीय आयोगांसाठी कंबोज, लाओस आणि वियतनाम अशी तीन वेगवेगळ्या मजकुरांची तिकिटे निघाली. १९६२मध्ये काँगोतल्या भारतीय फौजेसाठी, १९६५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या गाझातल्या आणीबाणी दलासाठी. तिकिटे गोळा करणारे आज ती अल्बमात जपतात. पण त्या काळी ती एका साध्या सोयीची खूण होती: गाझाच्या वाळवंटातल्या चौकीवरून लिहिलेले पत्र साताऱ्याला जायला परदेशी टपालाचे पैसे पडत नसत. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेलाही हीच पद्धत लागू होती.

ही सगळी जबाबदारी सांभाळणारे आर्मी पोस्टल सर्व्हिसचे स्वतंत्र कोअर १ मार्च १९७२ला झाले. त्याचे प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला आहे. या कोअरची घडण मोठी वेगळी. त्यातली बहुतेक माणसे टपाल खात्याची. काल एखाद्या जिल्ह्याच्या हेड पोस्टात खिडकीवर बसणारा कारकून प्रतिनियुक्तीवर येतो, कामठीला कवायत शिकतो, अंगावर गणवेश आणि हुद्दा चढवतो आणि पलटणीच्या टपालघरात तेच काम करू लागतो. काही वर्षांनी तो परत आपल्या खिडकीवर जातो. दिल्ली आणि कोलकाता इथली दोन सेंट्रल बेस पोस्ट ऑफिसे ही या जाळ्याची मुख्य केंद्रे. ५६ एपीओ आणि ९९ एपीओ हे पत्ते या दोन ठिकाणांशी जोडलेले. देशभरातून आलेले टपाल इथे पलटणवार वेगळे होते आणि थैल्या भरून पुढे निघते. पत्रांखेरीज बचत बँक, मनिऑर्डर, टपाल विमा ही कामेही फिल्ड पोस्ट ऑफिसातच होतात.

फोन आल्यावर

आता बहुतेक जवान घरच्यांशी फोनवर बोलतात, व्हिडिओ कॉलवर मुलांना बघतात. यात वाईट काही नाही. फ्रान्सहून महिनाभराने येणाऱ्या पत्रावर जगलेल्या पिढीला हे मिळाले असते, तर तिने ते आनंदाने घेतले असते. पण फोनने पत्त्याचा जुना प्रश्न नव्याने उभा केला आहे. टपाल खात्याने दीडशे वर्षे खपून जवानाचा पत्ता त्याच्या जागेपासून वेगळा केला. फोन तो पुन्हा जागेशी जोडतो. २०१७च्या नोव्हेंबरात ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या ॲपने जगभरच्या धावण्याच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि वाळवंटांतल्या लष्करी तळांच्या आकृत्या त्यात उजळून निघाल्याचे २०१८च्या जानेवारीत लक्षात आले. १ जानेवारी २०२३ला युक्रेनच्या माकिइव्हका शहरात रशियन सैनिक ठेवलेल्या इमारतीवर रॉकेटे पडली. रशियाच्या संरक्षण खात्याने ८९ जण मेल्याचे सांगितले आणि मुख्य कारण दिले ते सैनिकांनी मोठ्या संख्येने वापरलेल्या मोबाइल फोनचे. भारतीय सेनेने जुलै २०२०मध्ये जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितले, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होते. ज्या तळावर फोन बंद ठेवायचा हुकूम निघतो, तिथे आकडी पत्त्याचे पाकीट अजूनही निर्धोक चालते.

दुसरी गोष्ट वस्तूंची. दिवाळीचा फराळ, राखी, चष्मा, घरचे लोणचे, मुलाने काढलेले चित्र या गोष्टी तारेतून जात नाहीत. अमेरिकेत फेडएक्स, यूपीएससारख्या खासगी कुरिअर कंपन्या एपीओच्या पत्त्यावर माल पोचवू शकत नाहीत. तिथे सरकारी टपालखातेच जाते, तेही देशांतर्गत दराने. युद्धक्षेत्रातल्या अमेरिकन सैनिकाला पत्रावर तिकीट लावावे लागत नाही, तिकिटाच्या जागी ‘फ्री’ असे हाताने लिहिले की झाले. ब्रिटनमध्ये बीएफपीओची मुख्य कचेरी नॉर्थोल्टच्या हवाईतळावर आहे, आणि अफगाणिस्तानातल्या तुकड्यांना दोन किलोपर्यंतची पार्सले घरून फुकट पाठवता येत. याच सेवेने मध्यंतरी ‘ई-ब्लूई’ चालवली होती: घरच्यांनी संगणकावर लिहिलेला मजकूर तळावर पोचे, तिथले यंत्र तो छापून आणि चिकटवून बंद करी, आणि जवानाच्या हातात खरे पाकीट पडे. ऐंशी वर्षांपूर्वीच्या एअरग्राफची ती थेट वारसदार.

पार्सलांना धोकेही आहेत. २००१मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी गेली. त्यानंतर नाव न लिहिता ‘कुणाही सैनिकाला’ म्हणून पत्रे आणि खाऊ पाठवण्याची अमेरिकेतली जुनी प्रथा लष्कराने बंद केली. तेव्हापासून पार्सलावर नाव आणि पलटण लिहिणे सक्तीचे झाले.

तिसरी गोष्ट मताची, आणि भारताच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. सैनिकाला आपल्या मतदारसंघात जाता येत नाही, म्हणून त्याचे मत टपालाने येते. पूर्वी मतपत्रिका टपालानेच जायची आणि टपालानेच परत यायची. उमेदवारांची यादी पक्की होणे आणि मतमोजणी यांच्या मधल्या थोड्या दिवसांत ही दुहेरी फेरी पुरी होत नसे, आणि कित्येक मतपत्रिका निकाल लागल्यावर पोचत. २०१६मध्ये पुद्दुचेरीतल्या नेल्लिथोपे पोटनिवडणुकीत निवडणूक आयोगाने नवी पद्धत प्रथम वापरली. आता मतपत्रिका संगणकावरून येते. जवान ती उतरवून छापतो, मत नोंदवून आतल्या पाकिटात घालतो, साक्षांकित केलेले घोषणापत्र जोडतो, दोन्ही मोठ्या पाकिटात बंद करतो आणि टपालात टाकतो. त्या पाकिटाला तिकीट लागत नाही. मतमोजणीच्या दिवशी सकाळी मोजणी सुरू होण्याआधी ते निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडले, तरच ते मोजले जाते.

म्हणजे जाणारी वाट विजेच्या वेगाची झाली, येणारी वाट आजही थैलीचीच आहे. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत सेनेतल्या आणि परदेशी नेमणुकीवरच्या मतदारांना मिळून १८,०२,६४६ मतपत्रिका अशा रीतीने गेल्या, आणि १०,८४,२६६ परत आल्या. हे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास पडते. पूर्वीच्या मानाने ही मोठी झेप आहे. तरी सात लाखांहून जास्त मतपत्रिका मोजणीपर्यंत पोचल्या नाहीत, हेही त्याच आकड्यांत दिसते. त्यातल्या काही भरल्याच गेल्या नसतील. पण ज्याने पाकीट बंद करून टपालात टाकले, त्याचे मत वाटेत थांबू नये हे बघणे व्यवस्थेच्या हाती आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर आजवर अडीच लाखांहून अधिक भारतीय सैनिक जाऊन आले आहेत, आणि हे जाणे चालू राहणार आहे. पुढच्या वेळी तुकडी रवाना करताना तिच्या रसदीच्या यादीत टपालाच्या काही साध्या प्रश्नांची उत्तरे लेखी असली पाहिजेत. तुकडीबरोबर टपालघर आहे का? थैली आठवड्यातून कितीदा निघते? विमान चुकले तर दुसरी वाट कोणती? निवडणुकीच्या दिवसांत जादा थैल्या कुणी न्यायच्या, आणि पार्सलाचा दर तुकडी परत येईपर्यंत देशांतर्गतच राहील याची हमी कुणाकडून घ्यायची?